वाचक विचारतात : व्हाइट सँड्सचं रॉकेट पडतं कुठे?

मागच्या अंकात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या 'व्हाइट सँड्स' या लष्करी चाचणी क्षेत्रावर एक चौकट छापली होती. १९४५ पासून तिथे रॉकेटं आणि क्षेपणास्त्रं उडवली जातात आणि जगातला पहिला अणुस्फोटही त्याच परिसरात झाला, एवढंच तिच्यात होतं. तेवढ्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी विचारलंय की रॉकेट किती उंच गेलं. आम्हाला विचाराल तर या जागेचा इतिहास रॉकेट कुठे पडलं याचाच जास्त आहे. निवडक पत्रं आणि उत्तरं खाली देत आहोत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

अमेरिकेकडे वाळवंट काही कमी नाही. मग नेमकी हीच जागा कशासाठी धरली? — निवृत्त भूगोल शिक्षक, वाई

सर, नकाशा काढून बसलात तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल. तुलारोसा नावाचं हे लांबट खोरं आहे. पश्चिमेला सॅन आंद्रेस डोंगर, पूर्वेला सॅक्रामेंटो डोंगर आणि मध्ये सपाट कोरडी जमीन. चाचणी क्षेत्र उत्तर-दक्षिण साधारण १६० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ६५ किलोमीटर पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठं. दक्षिण टोकाला रॉकेट उभं करायचं आणि तोंड उत्तरेकडे ठेवून सोडायचं, अशी ही रचना.

हवा बहुतेक वर्षभर स्वच्छ, म्हणून दुर्बिणींना आणि कॅमेऱ्यांना रॉकेट दूरवर दिसतं. दोन्ही बाजूंचे डोंगर म्हणजे निरीक्षकांसाठी आयत्या गच्च्या. वस्ती विरळ. जवळच एल पासो शहर, तिथे रेल्वे आणि फोर्ट ब्लिस ही लष्करी छावणी. शिवाय खोऱ्याचा बराच भाग युद्धकाळात बॉम्बफेकीच्या सरावासाठी लष्कराच्या ताब्यात आलेलाच होता.

यापेक्षाही महत्त्वाचं कारण म्हणजे समुद्रात पडलेलं रॉकेट बुडतं, वाळवंटात पडलेलं सापडतं. त्या काळी रॉकेटवरून रेडिओने मिळणारी माहिती तोकडी होती. बरीचशी नोंद फिल्मवर व्हायची, आणि फिल्म हाती यायची तर अवशेष गोळा करता आले पाहिजेत.

या जागेची स्थापना ९ जुलै १९४५ ची. तेव्हा नाव 'व्हाइट सँड्स प्रूव्हिंग ग्राउंड' होतं. १ मे १९५८ पासून ते 'व्हाइट सँड्स मिसाइल रेंज' झालं. नावातली पांढरी वाळू मात्र सगळीकडे नाही. तिच्या टेकड्या सुमारे ७१० चौरस किलोमीटरवर आहेत आणि त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. ही वाळू नेहमीची गारगोटीची नाही, जिप्समची आहे. जिप्सम पाण्यात विरघळतं, नदी असेल तर वाहून जातं. या खोऱ्यातून बाहेर जाणारी नदीच नाही. डोंगरावरून आलेलं पाणी ल्यूसेरो तळ्यात साठतं, उन्हाने आटतं, मागे स्फटिक राहतात आणि वारा त्यांचा भुगा करत ईशान्येकडे ढकलतो.

पहिला अणुबॉम्ब 'ट्रिनिटी' १६ जुलै १९४५ ला फुटला. म्हणजे तळ सुरू झाल्यावर आठवड्याभरात! तो या तळानेच फोडला का? — बी.एस्सी.चा विद्यार्थी, नाशिक

नाही. तारखा लागोपाठच्या असल्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. रॉकेटचा तळ लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्याने दक्षिण टोकाला काढला. ट्रिनिटीचं काम लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांचं, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवण्याच्या मॅनहॅटन प्रकल्पाचं. ते झालं उत्तर टोकाला, अलामोगोर्डो बॉम्बिंग रेंजच्या एका कोपऱ्यात. पुढे ती जमीन चाचणी क्षेत्रात आली, म्हणून आज दोन्ही एकाच कुंपणात दिसतात.

तयारी कशी होती तेही सांगतो. ७ मे १९४५ ला आधी १०८ टन टीएनटी रचून उडवलं. मोजमापाची उपकरणं बरोबर लागली आहेत का आणि धक्का किती दूर जातो, हे पाहायला ही रंगीत तालीम. खरा बॉम्ब ३० मीटर उंचीच्या पोलादी मनोऱ्यावर ठेवला. त्याचा प्लुटोनियमचा गाभा जोडला गेला मनोऱ्यापासून ३ किलोमीटरवरच्या एका रँचवाल्याच्या (गुरं पाळणाऱ्याच्या) घरात, झोपायच्या खोलीत! धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक लावून फटी बुजवल्या होत्या. स्फोट पहाटे ४ ला ठरला होता. पण वादळी पाऊस आला. पावसाबरोबर किरणोत्सारी धूळ खाली येईल, म्हणून दीड तास थांबले. ५ वाजून २९ मिनिटांनी बॉम्ब फुटला. शक्ती २० हजार टन टीएनटीहून जास्त होती.

खड्डा मात्र फार खोल पडला नाही, जेमतेम दीड मीटरचा बशीसारखा खळगा. मनोरा वाफ होऊन गेला आणि भोवतालची वाळू वितळून हिरवट काच झाली. तिला 'ट्रिनिटाइट' म्हणतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बुलडोझर लावून बहुतेक काच पुरून टाकली.

तिथे 'जम्बो' नावाचं २१४ टनांचं पोलादी पिंप अजून पडलेलं आहे. साखळी प्रक्रिया फसली आणि नुसती स्फोटकं उडाली, तर महागडं प्लुटोनियम वाळवंटभर उधळेल, ही भीती होती. म्हणून बॉम्ब या पिंपात फोडायचा बेत होता. पुढे यशाची खात्री वाढली आणि प्लुटोनियमचा पुरवठाही सुधारला, तेव्हा बेत सोडला. जम्बो ७०० मीटरवरच्या दुसऱ्या मनोऱ्यावर टांगून ठेवलं. तो मनोरा मोडला, जम्बोला ओरखडासुद्धा आला नाही. आज त्याची दोन्ही टोकं उडालेली दिसतात. ते काम अणुबॉम्बचं नाही. १९४६ मध्ये लष्कराने आत साधे बॉम्ब ठेवून उडवले, तेव्हाची ती मोडतोड आहे.

आसपासच्या गावांना त्या पहाटे 'दारूगोळ्याचं कोठार उडालं' असं सांगितलं गेलं. तुलारोसा, कॅरिझोझो या गावांवर राख पडली, लोकांनी पागोळीचं साठवलेलं पाणी प्यायलं. किरणोत्साराच्या भरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला, त्यात नेवाडातल्या चाचण्यांचे पीडित आले आणि ट्रिनिटीचे राहिले. त्यांचा समावेश व्हायला २०२५ साल उजाडलं.

जर्मन व्ही-२ रॉकेटं तिथे कशी आणली आणि कशी उडवली? शक्य तितकं तांत्रिक लिहावं. — मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी, इचलकरंजी

लिहितो, पण जागेचं बंधन पाळून.

जर्मनीच्या भूमिगत कारखान्यातून उचललेले सुटे भाग १९४५ च्या उन्हाळ्यात सुमारे ३०० वाघिणी भरून न्यू मेक्सिकोत आले. वाघिणी ३०० असल्या तरी जसंच्या तसं उडवता येईल असं पूर्ण रॉकेट त्यात हातावर मोजण्याइतकंच होतं. टाक्या होत्या, पण जायरो (दिशा धरणारी फिरती चाकं) कमी. व्हॉल्व्ह होते, पण प्रवासात आणि पावसात गंजलेले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे जुळणीचं कंत्राट होतं. व्ही-२ घडवणाऱ्या जर्मन तुकडीचे प्रमुख फॉन ब्राउन आणि त्यांचे शंभराहून अधिक सहकारी फोर्ट ब्लिसला राहून मदत करत होते. जे भाग नव्हते ते अमेरिकेत बनवून घेतले.

रॉकेट १४ मीटर लांब आणि भरल्यावर जवळजवळ १३ टनांचं. दोन मोठ्या टाक्या. वरच्या टाकीत सुमारे ३,८०० किलो अल्कोहोल, खालच्या टाकीत सुमारे ४,९०० किलो द्रवरूप ऑक्सिजन. अल्कोहोल निव्वळ नाही, त्यात २५ टक्के पाणी मिसळलेलं. पाण्याने ज्वाळेचं तापमान उतरतं. शिवाय हेच मिश्रण आधी ज्वलनकक्षाच्या दुहेरी भिंतीतून फिरवायचं आणि मग जाळायचं, म्हणजे भिंत थंड राहते.

क्रम असा. पहिल्यांदा अल्कोहोल भरायचं. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो, म्हणून तो उशिरा भरायचा. आधी भरून ठेवला तर उडून जातो, पुन्हा भरत बसावं लागतं, आणि थंडीने जवळच्या व्हॉल्व्हवर बर्फ धरून ते अडकतात. तिसरं रसायन तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. परमँगनेटशी गाठ पडली की त्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन दोन्ही पंप चालवतं. पंप मिळून सेकंदाला सव्वाशे किलोच्या वर द्रव ओढतात. सेकंदाला सव्वाशे, डिप्लोमावाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पेटवण्याची पद्धत पाहण्यासारखी. कक्षात खालून भुईचक्रासारखी फिरणारी आतषबाजी लावायची. मग पंप न चालवता, द्रव नुसते आपल्या भाराने खाली येऊ द्यायचे. त्यातून सुमारे ८ टनांचा जोर मिळतो, रॉकेट हलत नाही. ज्वाळ नीट, एकसारखी दिसली तरच पंप सोडायचे. जोर २५ टनांवर जातो आणि रॉकेट उचलतं. पुढे साधारण ६५ सेकंद इंजिन चालतं. वेग कमी असताना शेपटाचे पंख काम देत नाहीत, म्हणून झोतातच ग्रॅफाइटची चार पाती बसवलेली असतात. ती वळवून दिशा सांभाळायची. पातं तुटलं किंवा त्याची मोटर अडली की सुरुवातीच्या काही सेकंदांतच रॉकेट कलंडतं.

पहिलं उड्डाण १६ एप्रिल १९४६ ला. शेपटाचा एक पंखच निखळला. रॉकेट भरकटू लागल्यावर १९ व्या सेकंदाला रेडिओने इंजिन बंद केलं. ते जेमतेम ५-६ किलोमीटर चढलं. दुसरं १० मेचं, ते मात्र ११२ किलोमीटरवर गेलं. १९५२ पर्यंत ६७ व्ही-२ तिथे उडवली गेली. त्यांतली साधारण दोन-तृतीयांश यशस्वी धरतात.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. व्ही-२ चं नाक जवळजवळ एक टन स्फोटकं धरून आखलेलं होतं. ती काढून उपकरणं ठेवली की नाक हलकं होतं, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट डगमगतं. म्हणून उपकरणांचं वजन कमी पडलं तर चक्क शिसं भरायचे. शास्त्रज्ञांची त्यामुळे चैनच झाली. एरवी वजन वाचवण्यासाठी ग्रॅमाग्रॅमवर भांडणारी ही मंडळी. इथे त्यांना 'अजून काही ठेवता का' असं विचारलं जाई!

उडवणारे बसायचे ते काँक्रीटचं घर अजून उभं आहे. भिंती ३ मीटर जाड आणि पिरॅमिडसारखं छप्पर ८ मीटर जाड. उलटून आलेलं व्ही-२ थेट डोक्यावर पडलं तरी आतली माणसं वाचावीत, या हिशेबाने ते बांधलं होतं. तसं कधी पडलं नाही.

एखादं रॉकेट कुंपणाबाहेर गेलं का? आणि जाऊ नये म्हणून काय करतात? — गृहिणी, चिपळूण

गेलं, आणि थेट दुसऱ्या देशात गेलं. २९ मे १९४७ च्या संध्याकाळी बदल केलेलं एक व्ही-२ उत्तरेऐवजी दक्षिणेकडे वळलं. दिशा धरणाऱ्या जायरोच्या यंत्रणेत बिघाड होता. एल पासो शहरावरून ते मेक्सिकोत गेलं आणि हुआरेझ शहराबाहेर तेपेयाक दफनभूमीजवळच्या टेकाडावर आदळलं. खड्डा सुमारे १५ मीटर रुंद पडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अमेरिकेने माफी मागितली, नुकसान भरून दिलं आणि सुरक्षेचे नियम कडक झाले.

मुळात अडचण अशी की व्ही-२ ३०० किलोमीटर जाऊ शकतं आणि मैदान १६० किलोमीटरचं. म्हणून ते जवळजवळ सरळ वर सोडायचं आणि उत्तरेकडे काही अंशच कलवायचं. त्या काही अंशांत चूक झाली की मैदान संपलं.

लोकांना वाटतं, बिघडलं की बटण दाबायचं. पण इंजिन बंद केल्याने रॉकेट थांबत नाही. फेकलेल्या दगडासारखं ते पुढे जातच राहतं. १५-२० व्या सेकंदाला बंद केलंत तर जवळपास पडेल. ६० व्या सेकंदाला त्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटर झालेला असतो, तेव्हा बंद केलंत तर ते शंभर-दोनशे किलोमीटरवर पडेल, आणि ते ठिकाण शहर असू शकतं. म्हणून 'आत्ता या क्षणी बंद केलं तर कुठे पडेल?' हा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. बटण दाबायचं की नाही हे त्यावर ठरतं.

सुरुवातीच्या काळात त्यासाठी एक अगदी साधं साधन होतं. लाकडी चौकट उभी करायची, तिच्यात तारा ताणायच्या आणि मागे ठरलेल्या जागी माणूस बसवायचा. रॉकेट तारेच्या पलीकडे दिसलं की हद्द ओलांडली, की लगेच फोनवर ओरडायचं. बरोबरीने रडार होतं, रेडिओलहरींच्या डॉप्लर फरकावरून वेग काढणारी यंत्रणा होती आणि कोन नोंदवणारे मोठे चलत्कॅमेरे होते. या दुर्बिणींचं काम उभं करण्यात १९४६ पासून क्लाइड टॉमबॉ होते. १९३० मध्ये प्लुटो शोधला तेच. ताऱ्यांच्या गर्दीत हलणारा ठिपका हुडकायची सवय असलेला माणूस इथे कामाला यावा, यात आम्हाला तरी आश्चर्य वाटत नाही.

दुसरी मोठी चूक ११ जुलै १९७० ची. 'अथेना' रॉकेटं उटा राज्यातल्या ग्रीन रिव्हर गावातून सोडून व्हाइट सँड्समध्ये पाडत असत. मधल्या वस्तीवरून! त्यातलं एक मैदान ओलांडून मेक्सिकोच्या दुरांगो राज्यातल्या मापिमी वाळवंटात जाऊन पडलं. त्यात थोडं किरणोत्सारी कोबाल्ट-५७ होतं, त्यामुळे शोध घेऊन तिथली मातीसुद्धा उचलून आणावी लागली.

पृथ्वीचा अवकाशातून पहिला फोटो तिथूनच काढला म्हणतात. कॅमेरा खाली आदळल्यावर फिल्म टिकली कशी? — छायाचित्रकार, पुणे

तुमचा प्रश्न नेमका आहे, कारण ही खरी हमालीची गोष्ट आहे.

सुरुवातीला उपकरणं नाकात ठेवायचे. २८ जून १९४६ ला नौदलाच्या संशोधकांनी सूर्याचा अतिनील वर्णपट टिपणारं यंत्र नाकात बसवून पाठवलं. रॉकेट जसं गेलं तसंच, सुबक आकारात, नाक खाली करून आलं. आवाजापेक्षा जास्त वेगाने ते जमिनीत घुसलं आणि मोठा खड्डा झाला. कितीही खणलं तरी कामाचं काही हाती लागलं नाही.

यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे खाली येताना हवा दाट व्हायच्या आत छोट्या स्फोटकांनी नाक धडापासून तोडायचं. सुबक आकार मोडला की धड सुकलेल्या पानासारखं गिरक्या घेतं, हवेचा विरोध कैकपटींनी वाढतो आणि आदळण्याचा वेग बराच उतरतो. दुसरा उपाय, यंत्र नाकातून काढून शेपटाच्या पंखात बसवायचं. १० ऑक्टोबर १९४६ ला तसं केलं आणि फिल्म शाबूत मिळाली. ओझोनच्या थराच्या वरून घेतलेला सूर्याचा तो पहिला अतिनील वर्णपट.

दोन आठवड्यांनी, २४ ऑक्टोबर १९४६ ला, १३ क्रमांकाच्या व्ही-२ मध्ये ३५ मिलिमीटरचा चलत्कॅमेरा बसवला. दर दीड सेकंदाला एक चित्र, फिल्म कृष्णधवल. रॉकेट १०५ किलोमीटर चढलं. जमिनीवर आपटलं तेव्हा वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर होता. कॅमेऱ्याचा चुरा झाला. फिल्म मात्र जाड पोलादी डबीत होती, ती शोधपथकाला वाळूत मिळाली. डबी उघडून फिल्म धुतल्यावर दाणेदार चित्रांत ढगांचे पुंजके, त्यापलीकडे पृथ्वीची वळलेली कड आणि वर काळं आकाश. त्याआधी सर्वांत उंचावरून घेतलेला फोटो १९३५ च्या 'एक्स्प्लोरर-२' बलूनचा, २२ किलोमीटरवरचा.

तुमच्या धंद्यातल्या माणसासाठी एवढंच सांगतो की कॅमेरा वाचवायचा प्रयत्नच कुणी केला नाही. सगळं पोलाद फिल्मच्या डबीला दिलं.

माकडं पाठवली होती हे खरं का? — इयत्ता आठवीची विद्यार्थिनी, लातूर

खरं आहे. त्यांच्याआधी २० फेब्रुवारी १९४७ ला फळमाश्या गेल्या, १०९ किलोमीटरवर जाऊन पॅराशूटने जिवंत परत आल्या. अवकाशात गेलेले पहिले प्राणी म्हणजे या माश्या. 'अल्बर्ट-२' नावाचं माकड १४ जून १९४९ ला १३४ किलोमीटरवर पोहोचलं. तिथपर्यंत ते जिवंत होतं. उतरताना पॅराशूट उघडलं नाही आणि ते मेलं.

प्रत्यक्ष लढाईत वापरलेली कोणती शस्त्रं तिथे तयार झाली? — तोफखान्यातून निवृत्त सुभेदार, कराड

सुभेदारसाहेब, यादी द्यायची तर अंक पुरणार नाही. विमानविरोधी 'नायकी एजॅक्स'ने २७ नोव्हेंबर १९५१ ला चालकाविना उडणारं बी-१७ विमान इथेच गाठलं. तुमच्या ओळखीची 'पॅट्रियट' आणि एकामागून एक रॉकेटं सोडणारी 'एमएलआरएस' गाडी, यांच्याही चाचण्या इथल्या.

आपली 'पिनाका' त्याच जातीची. १२ रॉकेटं ४४ सेकंदांत सोडणारी, पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत घडलेली. तिच्या चाचण्या पोखरणच्या वाळवंटात होतात. आमच्याकडे आलेल्या आणखी तीन पत्रांत विचारलंय की मग 'अग्नी' पोखरणला का उडवत नाहीत. सरहद्द जवळ आहे आणि हजारो किलोमीटरच्या पल्ल्याला तेवढं मैदान कुठल्याच वाळवंटात मिळत नाही. म्हणून ओडिशाच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरावर. अमेरिकेलाही हेच करावं लागलं. २४ फेब्रुवारी १९४९ ला व्हाइट सँड्समध्ये व्ही-२ च्या डोक्यावर दुसरं छोटं रॉकेट बसवून सोडलेलं 'बंपर-५' ३९३ किलोमीटर उंच गेलं. ते सरळ वर नेलं म्हणून मैदानात मावलं, आडवं सोडायची सोय नव्हती. मालिकेतली शेवटची दोन बंपर १९५० च्या जुलैत फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हरलहून समुद्रावर सोडली. केपवरून झालेली ती पहिली उड्डाणं.

स्पेस शटल तिथे एकदाच का उतरलं? — वाचक, ठाणे

एकाच उतरणीत सगळ्यांना पुरे झालं म्हणून!

१९८२ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरची, शटल तोवर जिथे उतरायचं ती कोरडी तळी पावसाने भिजली. जड यान तिथे रुतलं असतं. तिसऱ्या मोहिमेतली 'कोलंबिया' व्हाइट सँड्समधल्या नॉर्थरप धावपट्टीवर उतरवायचं ठरलं, जमिनीवरची यंत्रसामग्री मालगाडीने हलवली. २९ मार्चला धुळीच्या वादळामुळे उतरणं रद्द झालं. ३० मार्चला लाउस्मा आणि फुलर्टन यांनी यान उतरवलं.

धावपट्टी जिप्सम दाबून केलेली होती. जिप्सम म्हणजे काय ते आपल्याला गणपतीच्या दिवसांत वेगळं सांगायला नको. प्लास्टर ऑफ पॅरिस त्याचंच भाजून करतात. नखानेही ओरखडा पडेल इतकं ते मऊ, आणि दळलं की पिठासारखं होतं. वादळात ती पूड यानाच्या फटीफटीत शिरली. कितीही साफ केलं तरी पुढे कित्येक वर्षं कोलंबियात कुठे ना कुठे पांढरी पूड सापडत राहिली. धावपट्टी राखीव म्हणून ठेवली आणि शटलच्या वैमानिकांचा सराव तिथे होत राहिला, पण शटल पुन्हा उतरलं नाही.

पॅराशूटने आणि हवेच्या पिशव्यांवर उतरणाऱ्या अवकाशकुपीला मात्र तीच जमीन चालते. बोइंगची 'स्टारलायनर' २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये तिथे उतरली.

जाता जाता उभं उतरणाऱ्या रॉकेटाबद्दल, सोलापूरच्या वाचकाने विचारलं म्हणून. 'डीसी-एक्स' हे यान १९९३ पासून व्हाइट सँड्समध्ये शेपटावर उतरून दाखवत होतं. ३१ जुलै १९९६ ला चारांतला एक पाय उघडला नाही, यान कलंडलं, टाकी फुटून आग लागली. चौकशीत निघालं की त्या पायाच्या यंत्रणेला हेलियम वायूचा दाब पोहोचवणारी नळी जोडायचीच राहिली होती.

आमची गावं नगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राला लागून आहेत. अमेरिकेत जमिनी गेलेल्यांचं काय झालं? — शेतकरी, राहुरी तालुका

तुमचा प्रश्न कळतो. तिथल्यांची तक्रारही तुम्हाला ओळखीची वाटेल.

तिथे गुरांचे रँच होते. १९४२ पासून सरकारने ते भाडेपट्ट्याने घेतले. युद्धापुरते, असं रँचवाले समजून चालले. युद्ध संपलं, रॉकेटं आली, पट्टे वाढत गेले. शेवटी १९७० च्या दशकात जमीन कायमची संपादित झाली. खरं भांडण मोबदल्याचं. कोरड्या मुलखात रँचवाल्याच्या नावावरची मालकीची जमीन थोडी असते, तिथे विहीर आणि घर. भोवतालचं मोठं कुरण सरकारी, चराईच्या परवान्यावरचं. मोबदला मोजताना मालकीचीच जमीन धरली. रँचवाल्यांचं म्हणणं असं की कुरणाशिवाय विहिरीला किंमत नाही आणि विहिरीशिवाय कुरणाला, त्यामुळे दोन्ही मिळून मोजा. कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या. १९८२ मध्ये एक म्हातारा रँचवाला बंदूक घेऊन आपल्या जुन्या घरी परत जाऊन बसला होता. समजूत काढून त्याला बाहेर आणलं. आमचं मत विचाराल तर 'तात्पुरतं' हा शब्द कागदावर मुदतीच्या तारखेशिवाय कधी मान्य करू नये.

गुरं गेली त्या कुरणावर १९६९ ते १९७७ मध्ये आफ्रिकेतल्या कलाहारीतली ओरिक्स हरणं सोडली, नव्वदच्या आसपास. शिकाऱ्यांसाठी. तिथे त्यांना खाणारा सिंह नाही, त्यामुळे आता ती हजारोंनी झाली आहेत आणि शिकारीचे परवाने देऊनही आटोक्यात येत नाहीत.

लेक-जावई एल पासोला असतात. ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत. आम्हाला यातलं काय बघता येईल? — ज्येष्ठ दांपत्य, डोंबिवली

बरंच बघता येईल, नियोजन मात्र हवं.

पांढऱ्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान वर्षभर खुलं असतं. एल पासोहून लास क्रुसेस, तिथून ७० क्रमांकाचा महामार्ग. क्षेपणास्त्राची चाचणी असेल तेव्हा हा महामार्ग तासाभरासाठी, कधी त्याहून जास्त वेळ बंद ठेवतात. आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि परतीच्या विमानाच्या दिवशी हा बेत ठेवू नका. जिप्सम उन्हातही फारसं तापत नाही, अनवाणी चालता येतं. पण पांढऱ्या वाळूवरून ऊन डोळ्यांत परतून येतं, त्यामुळे काळा चष्मा हवाच. माणशी निदान चार लिटर पाणी गाडीत ठेवा. टेकड्यांत सगळ्या दिशा सारख्या दिसतात, गाडी नजरेआड होऊ देऊ नका. वाळूत धातूचा तुकडा, नळकांडं, तार असं काही दिसलं तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि रेंजरला सांगा.

चाचणी क्षेत्राच्या मुख्यालयात संग्रहालय आहे, बाहेर मोकळ्यावर पन्नासहून जास्त क्षेपणास्त्रं उभी करून ठेवली आहेत आणि आत एक व्ही-२ आहे. तळ चालू लष्करी असल्याने फाटकावर ओळखपत्र तपासतात. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर आत सोडतील का आणि कोणती कागदपत्रं लागतील हे जावयांना आधी फोन करून विचारायला सांगा.

ट्रिनिटीची जागा वर्षातून ठरावीक दिवशीच उघडतात. अलीकडे ऑक्टोबरमधला तिसरा शनिवार असतो, तरी तारीख जाहीर झाल्यावरच विमानाचं तिकीट काढा. सॅन अँटोनियो नावाचं छोटं गाव आहे (टेक्सासमधलं मोठं शहर नव्हे, नकाशात नाव टाकताना याच ठिकाणी लोक चुकतात). तिथून ३८० क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेला सुमारे १९ किलोमीटर, मग दक्षिणेला ८ किलोमीटरवर स्टॅलियन फाटक. फाटकापासून जागा आणखी २७ किलोमीटर आत. वाटेत पेट्रोल नाही, टाकी भरून निघा. सकाळी लवकर पोहोचा, उशीर झाला तर रांगेतच वेळ जातो.

जम्बो वाहनतळापाशीच दिसेल. तिथून कुंपणातल्या काळ्या दगडाच्या स्तंभापर्यंत चालत जावं लागतं, वाट सपाट आहे पण सावली नाही. रँचवाल्याच्या त्या घरी बसने नेतात. १९८४ मध्ये ते पुन्हा नीट केलं आणि गाभा जोडलेली खोली आत जाऊन बघता येते. किरणोत्साराची काळजी तुम्ही पत्रात लिहिली आहे. तासाभरात अर्धा ते एक मिलिरेम (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) मिळतो, मुंबईहून तिथपर्यंतच्या विमानप्रवासात त्याच्या कितीतरी पट मिळेल. नातवंडांना मात्र एक गोष्ट बजावून ठेवा. जमिनीवर हिरव्या काचेचे बारीक खडे अजून दिसतात, ते उचलून खिशात टाकणं तिथल्या कायद्याने चोरी धरतात. बघायला टेबलावर मांडून ठेवलेले असतात, तेच बघा.